एक ठोका

"गप गं बायांनो. घागरी खाली ठेवा. विश्राम कान लावतोय."

रंगूबाईंनी दरडावलं तशी चौथ्या उसाशाभोवतीची कुजबुज थांबली. कुणी कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, कुणी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. विश्रामनं पागोटं काढून बाजूच्या दगडावर ठेवलं, गुडघे टेकले आणि उसाशाच्या भोकाला उजवा कान लावला. डोळे मिटले.

उसासा म्हणजे काय ते त्या काळी कल्याणातल्या माणसाला सांगावं लागत नसे. गावाबाहेरच्या शेणाळे तळ्यापासून गावातल्या पोखरणीपर्यंत, म्हणजे दगडी हौदापर्यंत, जमिनीखालून एक बांधीव नळ आला होता. माणूस रांगत जाईल एवढा. वाडवडिलांच्याही वाडवडिलांनी बांधलेला. त्याला हवा मिळावी म्हणून दर दोनशे हातांवर एक गुडघाभर उंचीचा चौथरा, वर चुन्यात पक्की बसवलेली शिळा, आणि शिळेला मूठ जाईल एवढं भोक. असे सहा उसासे. मोजायचे ते तळ्याकडून. नळाला कुठं काय दुखतंय-खुपतंय ते या सहा भोकांतून ऐकून सांगायला एक माणूस असे. आधी विश्रामचा बाप होता, आणि गेली एकतीस वर्षं विश्राम. म्युनिसिपालटी आली, छातीवर पितळी बिल्ला आला, काम तेच राहिलं.

वैशाख निम्मा सरला होता. तळ्यात पाणी होतं, पण पोखरणीच्या पायऱ्या रोज एकेक उघड्या पडत होत्या. काल सातवी दिसली. आज सकाळी आठवी, शेवाळासकट. खाली दोनच उरल्या होत्या, आणि अर्धं गाव त्या पाण्यावर जगत होतं.

"काय म्हणतोय नळ?" ओव्हरसियर पेंडशांनी विचारलं.

विश्रामनं डोळे उघडले. साहेबांचे ओठ हलून थांबले होते, म्हणजे विचारून झालं होतं. काय विचारलं असेल ते त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षं एकच तर प्रश्न.

"चौथ्यापर्यंत धार नीट हाय, साहेब. पाचव्याला बारीक पडते. अडलंय ते ह्या दोघांच्या मधी. उंबराचं मूळ शिरलं असणार."

"नक्की? शिळा एकच फोडायची आहे. चुना भिजवून पुन्हा बसवायला चार दिवस जातात."

साहेबांच्या कपाळावरची आठी विश्रामनं पाहिली. "नऊ वर्सांमागं तिथंच शिरलं होतं," तो म्हणाला.

नऊ वर्षांमागचं खरं होतं. बाकीचं त्यानं ऐकलं नव्हतं. चौथ्याला नाही, पाचव्याला नाही, पहिल्यालाही नाही. गेली दोन वर्षं विश्रामला ऐकूच येत नव्हतं.

ते त्याला प्रथम उमगलं ते नळावर नव्हे, रामाच्या देवळात. विश्रामला कीर्तनाचं वेड. काम आटोपलं की हातपाय धुऊन तो बुवांच्या समोर तिसऱ्या ओळीत जाऊन बसायचा, आणि पूर्वरंगातला अवघड वेदान्तसुद्धा, अर्धा समजून अर्धा न समजता, प्रसादासारखा गोड मानून घ्यायचा. एका चैत्रात बुवांचे शब्द पुसट झाले. त्याला वाटलं, बुवा थकले. मग चिपळ्या गेल्या. मग झांज गेली. बुवांचं उपरणं उडतंय, लोक डोळे पुसताहेत, आणि आपल्यापर्यंत काही पोचत नाही, असं झालं. लोकांच्या माना डोलल्या की तोही मान डोलवी. लोक हसले की हसे. कुणाला कळलं नाही. देवळात जमलं तेच त्यानं नळावरही चालवलं. भोकातून येणारा गारवा गालाला किती लागतो, वास ओला की शिळा, भोवतीची तोंडं काय म्हणतात, यावर निभत गेलं. नळ शहाणा होता. दोन वर्षं त्यानं विश्रामला उघडं पाडलं नाही.

बायकोपासून मात्र लपलं नव्हतं. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून रखमाबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं आख्यान सांगायची. इतक्या मोठ्यानं, की शेजारणींना वाटे, ह्यांच्यात रोज सकाळी काय भांडण चालतं.

आज सकाळीही तिनं सांगितलं होतं. शब्दावर नेम धरणाऱ्या राजाची गोष्ट. नदीत घागर बुडताना आवाज झाला, राजाला वाटलं जनावर पाणी पितंय. पाहिलं नाही, विचारलं नाही, बाण सोडला.

"आणि बाण लागला तो कुणाला, तर आंधळ्या आईबापाच्या लेकाला," भाकरी उलटता उलटता ती ओरडली. मग पीठ लागलेल्या हातानं त्याचा दंड धरून म्हणाली, "अहो, सायबास्नी सांगून टाका एकदा."

"बिल्ला जाईल."

"जाऊं दे."

"बिल्ल्याचं नाय गं. गाव म्हनतं विश्रामचा कान. कानच नाय म्हटल्यावर मागं विश्राम काय ऱ्हायला?"

ती यावर काही बोलली होती, पण तोंड चुलीकडं वळवून, म्हणून त्याला कळलं नाही.

पाचव्या उसाशाची शिळा फोडून बाजूला केली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. आत उतरायचं काम राघोचं. राघो विश्रामचा जावई. अंगानं सडपातळ, नळात सहज वळणारा. पोखरणीजवळच राहायचा. त्यानं बंडी काढून सगुणाच्या, आपल्या बायकोच्या, हातात दिली, कमरेला कोयता खोचला आणि दिवा पेटवला.

तिकडं तळ्यावर ग्रेगरी गवंड्यानं नळाच्या तोंडात सागवानी बूच ठोकून बसवलं होतं, भोवती गोणपाट आणि चिखल लिंपला होता. नळ मोकळा झाला होता. माणूस आत असेतो ते बूच हलता कामा नये. हललं, तर सगळं शेणाळे तळं त्या रांगत्या वाटेनं गावाकडं धावणार, आणि वाटेत जो असेल त्याला घेऊन जाणार. हे लहान पोरालाही माहीत होतं.

"मामा, तुमी चौथ्यावर बसा," राघो खुणेनं आणि शब्दानं म्हणाला. सासऱ्याच्या कामात खुणा पहिल्यापासूनच होत्या. "नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे ठोके. आतल्या माणसानं उसाशाखाली पोचलं की छताला कोयत्याचा एक ठोका द्यायचा: पोचलो. दोन म्हणजे अडचण सापडली. तीन म्हणजे परत फिरतोय. वरच्या माणसानं ते ऐकून सांगायचं. दुसऱ्या कुणी कान लावला तर नळात नुसतं घूंऽ घूंऽ ऐकू यायचं. त्यातून ठोका वेगळा काढणं हाच विश्रामच्या घराण्याचा धंदा.

राघो खाली गेला. विश्राम चौथ्यावर कान लावून बसला.

कानात काही नव्हतं. रिकाम्या रांजणात डोकं घातल्यासारखं. गालाला भोकातली हवा लागत होती. ती त्याला थोडी शिळी वाटली. पाणी दोन घटका मागं तर इथून जात होतं, मग हवा एवढी कोरडी कशी? धार इथंच बारीक होती की काय? मनात पाल चुकचुकली. त्यानं तो विचार दाबला.

पेंडसे पाचव्याकडून चालत आले. "ठोकला का?"

विश्रामनं मान हलवली: अजून नाही.

थोड्या वेळानं पुन्हा आले. "अरे, एव्हाना ठोकायला हवा होता."

त्या चेहऱ्यावर काळजी होती. मागं सगुणा नवऱ्याची बंडी छातीशी धरून उभी होती, तिच्याही. विश्रामनं मनातल्या मनात हिशेब केला. दोनशे हात, राघोसारखा गडी, एवढ्यात पोचलाच असणार. पोचला म्हणजे ठोकला असणार. राघो कधी चुकत नाही.

"ठोकला," तो म्हणाला. "आत्ताच. एक."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं असावं, हात जोडलेले दिसले. देवळात मान डोलवली की असंच व्हायचं. सगळं पुन्हा ठीक दिसायचं.

एवढ्यात तळ्याकडच्या पायवाटेवरून एकजण पळत येताना दिसला. ग्रेगरीचा भाऊ, सिल्वेस्टर. गुडघ्यापर्यंत चिखल, हातातली टोपी पिळवटलेली.

"सायब, बूच चिरलाय. उभा चिरलाय, वरून खालपावेतो. ग्रेगरी पाण्यात हुबा ऱ्हाऊन पाठ लावून हाय. मना बोलला, पल आनि सांग, मानसाला भायेर काढा. जास्त वेल नाय ऱ्हायचा."

हे विश्रामला ऐकू आलं नाही, पण कळलं. बायकांनी तोंडावर पदर नेले आणि पेंडशांच्या हातातली छत्री गळून पडली. साहेब त्याच्याजवळ आले, वाकले, तोंड अगदी समोर आणून सावकाश म्हणाले. प्रत्येक शब्द ओठांवर दिसला.

"राघो कुठं आहे आत्ता? चौथ्याच्या अलीकडं की पलीकडं?"

प्रश्न साधा होता. अलीकडं असेल तर पाचव्याच्या उघड्या तोंडाशी हाक देऊन त्याला मागं ओढता येईल. पलीकडं, तिसऱ्याच्या बाजूला गेला असेल, तर मागं फिरून पाचवा गाठेपर्यंत बूच राहणार नाही. तिसऱ्याची शिळा फोडून वर काढावा लागेल. पहारी दोन, माणसं चार. दोन्हीकडं धावायला वेळ नव्हता. आणि सांगणारा एकच माणूस.

विश्रामनं चेहऱ्यांकडं पाहिलं. दोन वर्षं त्याला उत्तर तिथंच मिळत आलं होतं. आज एकाही चेहऱ्यावर उत्तर नव्हतं. सगळे त्याच्याच तोंडाकडं पाहत होते.

त्यानं पुन्हा कान लावला. दुसरा कान लावला. भोकातून कोरडी हवा येत होती, आणि तिनं आता सरळ सांगितलं: चौथ्यापर्यंत धार नीट नव्हतीच. अडचण इथं नाही, वर, तळ्याच्या बाजूला आहे. राघो ती शोधत वर गेला असेल. की नसेल. सकाळी नऊ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर एक शब्द टाकला, मघाशी चेहरे बघून दुसरा. पाहिलं नाही, ऐकलं नाही, बाण सोडला.

"साहेब, मला ऐकू येत नाय."

पेंडशांना वाटलं, आतलं येत नाही म्हणतोय. "नीट कान लाव जरा."

"तुमचंबी नाय येत. दोन वर्सं झाली. सकाळचं खोटं, आत्ताचा ठोकाबी खोटा. मी काय ऐकलं नाय."

पेंडशांनी स्वतः खाली बसून भोकाला कान लावला आणि लगेच काढला. डोकं हलवलं. नुसतं घूं घूं. सगुणाचे ओठ हलले. एकच शब्द होता, बाबा. रागाचा की भीतीचा ते त्याला ओळखता आलं नाही. लेकीचा चेहरा त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आला नाही.

शिळेला टेकून पहार उभी होती. तिच्याकडं बघता बघता त्याला परवाचं कीर्तन आठवलं. थकून त्यानं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली होती, काठीचं दुसरं टोक देवळाच्या लाकडी खांबाशी होतं, आणि मृदंगाची थाप अचानक तोंडातून आत आली होती. कानातून नव्हे, दातांतून. त्याला भास वाटला, त्यानं हनुवटी उचलली, थाप गेली. देवाची काही लीला म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला होता.

त्यानं पहार ओढली. एक टोक शिळेवर रोवलं, दुसरं दातांत घट्ट धरलं. लोखंड उन्हानं तापलं होतं. बायकांपैकी कुणाला तरी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ती पुढं झाली, पेंडशांनी हातानं अडवलं.

पहिल्यांदा आपल्याच छातीचे ठोके. मग काही नाही. मग, खूप दूर, आडावर कुणी दोर टाकावा तसं काहीतरी. धप. थांबून पुन्हा धप. कोयता ओल्या लाकडावर पडतो तसा. दोन वर्षांनी त्याला आपला नळ ऐकू आला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं; पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

कुठून? वरून की खालून? ते इथून कळेना. तो उठला आणि पहार खांद्यावर टाकून तिसऱ्याच्या दिशेनं धावला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोनशे हात, काट्याकुट्यांतून, अनवाणी. मागं सगळे. तिसऱ्या उसाशावर त्यानं पुन्हा पहार रोवली, पुन्हा दात रोवले.

धप.

जणू दाताच्या मुळावरच कुणी घाव घातला.

"हितं हाय," तो म्हणाला. "पायाखाली. मूळ तोडतोय. ही फोडा."

चौघे गडी पेंडशांकडं पाहू लागले. पेंडसे विश्रामकडं. आत्ताच हा माणूस म्हणाला होता, मला ऐकू येत नाही, मी खोटं बोललो. त्याच्या शब्दावर एक शिळा चुकीची फुटली होती. आता दुसरी फोडायची? आणि चुकलं तर?

सगुणानं नवऱ्याची बंडी खांद्यावर टाकली, एका गड्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि चुन्याच्या सांध्यात घातली. तिचा पहिला घाव बसला तसे गडी हलले. विश्रामच्या हातातली पहारही एकानं घेतली, दोन्ही लागल्या. पेंडशांनी अंगरखा काढून फेकला आणि शिळेच्या कडेला बोटं घातली. चुना जुना, लोखंडासारखा. विश्राम पालथा पडून हातातल्या धोंड्यानं शिळेवर ठोकत होता, सलग, न थांबता. म्हणजे बाहेर ये, बाहेर ये, बाहेर ये.

शिळा कलली. आतून हात वर आला, हातात कोयता होता. मग मातीनं भरलेलं डोकं. चौघांनी काखेत हात घालून ओढलं. राघोचे पाय चौथऱ्याच्या कडेवरून सुटतात न सुटतात तोच खालून एक थंड वारा उठला, सगळ्यांचे केस उडाले, आणि त्यामागोमाग पाणी आलं. उसाशाच्या तोंडापर्यंत चढलं, फेसाळलं, काळी-तांबडी मुळं उलटीपालटी करत घेऊन गेलं, आणि मग खाली बसून सरळ वाहू लागलं. अर्धं मूळ राघोनं तोडलं होतं. उरलेलं पाण्यानं तोडलं.

ग्रेगरीची पाठ सोलवटली होती, बाकी धडधाकट होता. बूच गेलं तेव्हा तळ्याच्या पायरीची कडी हाताला लागली म्हणून वाचला, असं त्यानं मागाहून सांगितलं. पोखरणीकडून एक पोरगी धावत आली, आठवी पायरी बुडाली म्हणून.

राघो जमिनीवर बसून धापा टाकत होता. सगुणानं त्याला पाणी दिलं, हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यानं चूळ भरून टाकली आणि सासऱ्याकडं पाहून काही बोलला. विश्रामला ओठांवरून एकच शब्द लागला: ठोका.

"काय म्हनतोय?" त्यानं लेकीला विचारलं.

सगुणा त्याच्या कानाशी आली. अख्ख्या गावासमोर, ओरडून, आईसारखं. "ते म्हनतात, चौथ्यावर मी ठोकलंच नव्हतं. एका हातात दिवा, दुसऱ्या हातावर रांगणं, कोयता कमरेला. ऱ्हाऊन गेलं. तुमी ठोकला म्हनून कसं सांगितलंत?"

विश्रामनं छातीवरचा बिल्ला काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पेंडशांपुढं धरला.

"उद्या बघू," पेंडसे म्हणाले, हातानंही तसं दाखवलं. "माणूस तूच वाचवलास आज."

"मरणात मीच घातला होता, साहेब. उद्या नको."

पेंडशांनी बिल्ला घेतला. थोडा वेळ हातात ठेवून त्यांनी तो राघोला दिला. राघोनं न बघता मुठीत धरला, उठला आणि बायकोबरोबर घराकडं गेला. सासऱ्याच्या वाटेनं गेला नाही.

दिवेलागणीला रामाच्या देवळात कीर्तन होतं. "जायाचं?" रखमाबाईनं खुणेनं विचारलं. तो काठी घेऊन उठला.

तिसऱ्या ओळीतली त्याची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. तो तिथं गेला नाही. पार मागं, लाकडी खांबाला टेकून बसला. काठीचं एक टोक खांबाच्या बुडाशी लावलं, दुसरं दातांत धरलं. जवळच्या दोघांनी पाहिलं आणि नजर वळवली. मृदंग आला. बुवांच्या पावलांचा ताल आला. शब्द आले नाहीत. ते उद्या सकाळी चुलीपाशी येणार होते.

बुवांनी काहीतरी म्हटलं आणि सगळ्या माना डोलल्या. विश्रामची मान हलली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तो डोलणाऱ्या माणसांत स्थिर बसला होता. वाटलं, सगळ्यांना दिसत असेल. मग वाटलं, दिसू दे.

उत्तररंग सुरू झाला तेव्हा मागच्या दारानं राघो आला. खरचटलेल्या कोपराला हळद लावली होती. विश्रामची पाठ त्याच्याकडं होती. राघो खांबाच्या पलीकडच्या अंगाला बसला. मग मूठ मिटली आणि बोटांच्या पेरांनी खांबावर ठोकलं.

एकदाच.

विश्रामनं काठी दातांतून काढली नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. फक्त डावा हात खांबामागं नेला आणि जमिनीवर उताणा ठेवला.